तबकडीच्या एका खाचेत दोन ध्वनी

वाशीम, कारंजा किंवा रिसोडसारख्या गावांतील जुन्या घरांत अजूनही एखाद्या कपाटावर लाँगप्ले रेकॉर्डची थप्पी सापडते. त्या पुन्हा वाजवाव्यात आणि त्यासाठी व्हॉल्व्हचा फोनो प्रीअ‍ॅम्प्लिफायर आपल्याच हाताने बांधावा, असे एखाद्या हौशी माणसाने मनावर घेतले, तर पहिल्या संध्याकाळपासूनच त्याची गाठ एका इंग्रज अभियंत्याशी पडते. अ‍ॅलन डोवर ब्लूमलाइन हे त्याचे नाव. ध्वनितंत्राच्या जगात ते आदराने घेतले जाते. सामान्य श्रोत्याला मात्र ते क्वचितच ठाऊक असते.

ब्लूमलाइनचा जन्म २९ जून १९०३ रोजी लंडनमधील हॅम्पस्टेड येथे झाला. वडील मूळचे जर्मन, व्यवसायाने खाणकामाशी निगडित अभियंते. सातव्या वर्षी त्याने घरातील दारावरची बिघडलेली घंटा दुरुस्त केली आणि वडिलांना रीतसर बिल दिले, अशी आठवण सांगितली जाते. वाचनात मात्र हा मुलगा बराच मागे होता. गणिताची अवघड समीकरणे सोडविणाऱ्या या विद्यार्थ्याला बाराव्या वर्षापर्यंत नीट वाचता येत नव्हते. पुढे लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स महाविद्यालयातून त्याने प्रथम श्रेणीत पदवी मिळविली आणि १९२४ मध्ये तो टेलिफोन क्षेत्रात शिरला. एका तारेवरील संभाषण शेजारच्या तारेवर ऐकू येणे हा त्या काळातील मोठा उपद्रव होता. तो कमी करण्यात त्याची पहिली काही वर्षे गेली.

१९२९ मध्ये तो कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत दाखल झाला. त्या वेळी तबकडीवर खाच कोरण्याचे उत्तम यंत्र अमेरिकन पेटंटांनी बांधलेले होते आणि त्यापोटी कंपनीला स्वामित्वशुल्क मोजावे लागे. पेटंटाच्या कुंपणाबाहेर राहून तेवढ्याच तोलाचे यंत्र घडवायचे, ही कामगिरी आयझॅक शोनबर्ग यांनी या तरुणावर सोपविली. हर्बर्ट होल्मन या सहकाऱ्याच्या साथीने त्याने फिरत्या वेटोळ्याचा कटर सिद्ध केला. १९३१ मध्ये कोलंबिया आणि ‘एचएमव्ही’ एकत्र येऊन ‘ईएमआय’ स्थापन झाली. आपल्याकडे घरोघरी पोहोचलेला तो कुत्र्याच्या चित्राचा शिक्का याच घराण्यातला.

त्याच वर्षी तो पत्नी होणाऱ्या डोरीनसह बोलपट पाहावयास गेला होता. नट पडद्याच्या एका बाजूला आणि आवाज भलतीकडूनच, ही विसंगती त्याला खटकली. १४ डिसेंबर १९३१ रोजी त्याने पेटंटासाठी अर्ज दाखल केला. त्यात ७० दावे होते. दोन मायक्रोफोन कसे रोखावेत येथपासून, एकाच खाचेच्या दोन तिरप्या भिंतींवर दोन स्वतंत्र ध्वनी कसे कोरावेत येथपर्यंत सारे काही होते. जानेवारी १९३४ मध्ये अ‍ॅबी रोड स्टुडिओत सर टॉमस बीचम यांच्या वाद्यवृंदाचे मोत्सार्ट त्याने या पद्धतीने मुद्रित केले. कंपनीला मात्र त्यात बाजारपेठ दिसली नाही. स्टिरिओ तबकड्या १९५८ च्या सुमारास विक्रीस आल्या, तेव्हा पेटंटाची मुदत संपून गेली होती.

आता पुन्हा आपल्या हौशी कारागिराकडे येऊ. पिकअपच्या सुईतून निघणारा विद्युतदाब जेमतेम पाच मिलिव्होल्ट. तो सुमारे शंभरपट वाढवायचा आणि वाढविताना, १९५४ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘आरआयएए’ वक्रानुसार, दबवून कोरलेला खर्ज उचलायचा व उचलून कोरलेला तार स्वर खाली आणायचा. इतक्या नाजूक संकेताच्या वाटेवर जुन्या पद्धतीचा कार्बन रेझिस्टर बसविला की त्याची सरसर ऐकू येते. म्हणून तेथे मेटल फिल्मचा घ्यावा. ग्रिडकडे जाणारी तार आखूड ठेवावी, फिलामेंटच्या तारा एकमेकींना पीळ देऊन कोपऱ्यातून न्याव्यात आणि अर्थिंग एकाच बिंदूवर आणावे. एवढे पाळले नाही तर गायकाच्या आधी विजेची गुणगुणच मैफल सुरू करते! सर्वांत कसोटी लागते ती वक्र साधणाऱ्या कपॅसिटरांची. त्यांच्या छापील किमतीवर विसंबू नये. मीटरने मोजून डाव्या-उजव्या बाजूसाठी जुळत्या जोड्या लावाव्यात. कारण ब्लूमलाइनच्या पद्धतीत ध्वनीची जागा ठरते ती मुख्यत्वे दोन बाजूंच्या तीव्रतेतील फरकावरून. एका बाजूचा घटक वेगळा निघाला, तर मधोमध बसलेली गायिका हलकेच एका कडेला सरकते.

हौशी मंडळी जुन्या परदेशी व्हॉल्व्हांच्या मागे धावतात आणि त्यापायी बरेच पैसे उधळतात. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी बनविलेले व्हॉल्व्हही आता जपून ठेवले जातात. ब्लूमलाइनचा दृष्टिकोन नेमका उलट होता. ठोकताळ्यांनी जुळवाजुळव करणे त्याला मानवत नसे. मंडलाचे गणित आधी कागदावर पुरे झाले पाहिजे आणि विशिष्ट व्हॉल्व्ह निवडून बसविल्याशिवाय न चालणारे मंडल त्याच्या लेखी अपुरे होते. मला तरी हा धडा अधिक मोलाचा वाटतो. कॅथोडचा समाईक लांब रेझिस्टर वापरणारी व्हॉल्व्हची जोडी त्याने १९३६ मध्ये पेटंटबद्ध केली. आज सूक्ष्म चिपमध्येही तिचेच वंशज नांदत आहेत. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला बीबीसीने नियमित दूरचित्रवाणी सेवा सुरू केली. तिच्या ४०५ रेषांच्या यंत्रणेतही त्याचा मोठा वाटा होता. त्याच्या नावावर एकंदर १२८ पेटंटे आहेत.

युद्ध सुरू झाले आणि ध्वनीचे काम मागे पडले. ढगांआडूनही खालची भूमी दाखविणाऱ्या ‘एच-टू-एस’ रडारवर तो काम करू लागला. ७ जून १९४२ रोजी, रविवारी, हे रडार बसविलेल्या हॅलिफॅक्स विमानातून चाचणीसाठी तो निघाला. सोबत ‘ईएमआय’मधील सेसिल ब्राउन आणि फ्रँक ब्लायदन हे सहकारीही होते. वाटेत उजव्या बाजूच्या इंजिनाने पेट घेतला आणि वेल्श बिकनर या गावाजवळ विमान कोसळले. सर्व अकरा जण ठार झाले. ब्लूमलाइनला एकोणचाळिसावे वर्ष पुरे व्हायला तीन आठवडे उरले होते.

चौकशीत कारण निघाले ते असे : देखभालीच्या वेळी इंजिनाच्या एका झडपेच्या टॅपेटचे नट पुरेसे आवळले गेले नव्हते. ते सैल होत गेले, झडपेचा दांडा तुटला आणि इंधनाने पेट घेतला.

रडार गुप्त, म्हणून अपघातही गुप्त. मृत्यूची बातमी बराच काळ दडवून ठेवण्यात आली. डोरीन आणि सायमन व डेव्हिड हे दोन लहान मुलगे मागे राहिले. जानेवारी १९४३ अखेरीस ‘एच-टू-एस’ प्रत्यक्ष कामगिरीवर गेले. लंडनमधील इलिंग येथील त्याच्या घरावर १९७७ मध्ये निळी स्मृतिपाटी लागली, आणि तांत्रिक कार्यासाठीचा ग्रॅमी सन्मान त्याला मिळाला तो २०१७ मध्ये, मृत्यूनंतर ७५ वर्षांनी.