उशिरा कळणारा मार

परभणीत ट्रॅक्टर, ट्रक किंवा पिकअप दुरुस्त करणाऱ्या कोणत्याही मिस्त्रीला एक तक्रार ओळखीची असते. ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी लगेच उचलत नाही आणि क्षणभराने एकदम ओढ घेते. ही टर्बो इंजिनाची जुनी खोड आहे. रस्त्यावर तिचा फार तर वैताग येतो. हजार अश्वशक्तीच्या शर्यतीच्या गाडीत मात्र वळणावर असा एक उशीर जिवावर बेतू शकतो. पन्नासेक वर्षांपूर्वी ही खोड ज्यांनी चिकाटीने काबूत आणली, त्यांत मार्क डोनोह्यू हे नाव मोठे आहे. ते अभियंताही होते आणि चालकही. त्यांचा मृत्यू मात्र डोक्याला लागलेल्या आणि उशिरा परिणाम दाखवणाऱ्या मारामुळे झाला.

डोनोह्यू यांचा जन्म 18 मार्च 1937 रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात झाला. ब्राउन विद्यापीठातून 1959 मध्ये त्यांनी यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेतली. विद्यार्थी असतानाच त्यांना गाड्या पळवण्याचा नाद लागला होता. 1961 मध्ये त्यांनी हौशी चालकांच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्या गटाचे विजेतेपद मिळवले. वॉल्ट हॅन्सजेन या अनुभवी चालकाने त्यांना हाताशी धरले. 1966 मध्ये हॅन्सजेन यांचा फ्रान्समधील ल माँच्या सरावात झालेल्या अपघातानंतर मृत्यू झाला. त्याच वर्षी संघमालक रॉजर पेन्स्की यांनी डोनोह्यू यांना आपल्याकडे घेतले. ही जोडी पुढे नऊ वर्षे टिकली.

शांत आणि सभ्य स्वभावामुळे डोनोह्यू यांना कॅप्टन नाइस असे टोपणनाव पडले होते. गाडीच्या बाबतीत मात्र ते हट्टी होते. गाडी वळणावर घसरत असेल तर ती का घसरते, हे मोजून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यासाठी ते मोकळ्या मैदानात आखलेल्या मोठ्या वर्तुळावर गाडी गोल गोल फिरवत आणि टायर किती पकड धरतात याची नोंद करत. एका वेळी एकच बदल करायचा, पुन्हा चालवून पाहायचे, फरक लिहून ठेवायचा आणि मगच पुढचा बदल करायचा, अशी त्यांची पद्धत होती. गॅरेजमध्ये चार गोष्टी एकदम बदलल्या की गाडी सुधारते किंवा बिघडते, पण ती कशामुळे, हे कळत नाही. डोनोह्यू ही चूक टाळत. 1972 मध्ये त्यांनी टर्बो इंजिनाच्या गाडीने इंडियानापोलिसची प्रसिद्ध 500 मैलांची शर्यत जिंकली. त्या शर्यतीत त्यांचा सरासरी वेग ताशी सुमारे 262 किलोमीटर होता.

त्याच सुमारास जर्मनीतील पोर्श कंपनी एका नव्या गाडीवर काम करत होती. अमेरिका आणि कॅनडात होणाऱ्या कॅन-ॲम मालिकेत इंजिनाच्या आकारावर मर्यादा नव्हती. प्रतिस्पर्ध्यांकडे आठ लिटरच्या आसपासची अवाढव्य इंजिने होती. पोर्शकडे हवेने थंड होणारे, बारा सिलिंडरचे, पाच लिटरचे इंजिन होते. त्याला टर्बो जोडून ताकद वाढवायची, असे ठरले.

टर्बोची कल्पना सोपी आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूत बरीच ऊर्जा असते आणि ती एरवी सायलेन्सरमधून वाया जाते. टर्बोत हाच वायू एक छोटी पाती फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसवलेली पाती बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त मिळाली की इंधनही जास्त जाळता येते आणि त्याच आकाराचे इंजिन कितीतरी जास्त ताकद देते. अडचण वेळेची असते. पिठाच्या गिरणीचे बटण दाबले तरी जाते लगेच पूर्ण वेगाने फिरत नाही, तसेच टर्बोचे आहे. चालकाने पाय दाबल्यावर आधी वायू वाढतो, मग पाती वेग घेतात, मग हवेचा दाब चढतो आणि शेवटी ताकद येते.

सुरुवातीच्या पोर्शमध्ये हा उशीर इतका होता की गाडी वळणावर सांभाळणे जवळपास अशक्य झाले होते. वळणात पाय दाबला तर काहीच घडत नसे आणि वळण संपता संपता सगळी ताकद एकदम चाकांवर येई. डोनोह्यू पोर्शच्या वाइसाख येथील चाचणी केंद्रात जाऊन बसले. हेल्मुट फ्लेगल आणि इतर अभियंत्यांबरोबर त्यांनी मूळ दोषाचा शोध घेतला. इंजिन पूर्ण ताकदीवर उत्तम चालत होते, कारण मोजमापे त्याच टप्प्यावर भर देऊन घेतलेली होती. कमी फेऱ्यांवर आणि अर्धवट दाबलेल्या ॲक्सिलरेटरवर इंधन आणि हवा यांचे प्रमाण नीट जुळत नव्हते. शर्यतीतली वळणे तर याच टप्प्यात पार करायची असतात. त्यामुळे कमी ताकदीचा टप्पा नव्याने मोजून इंधनाचा पुरवठा पुन्हा बसवण्यात आला. हवेचा दाब वेळेवर सोडणाऱ्या झडपाही सुधारण्यात आल्या. उशीर पूर्ण गेला नाही, पण तो चालकाला आधी ओळखता येईल इतका नियमित झाला.

तरीही गाडीने सहज यश दिले नाही. जून 1972 मध्ये कॅनडातील मॉसपोर्टच्या पहिल्याच शर्यतीत डोनोह्यू आघाडीवर असताना एक झडप अडकली आणि त्यांना दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. पुढच्याच महिन्यात जॉर्जियात चाचणी घेताना वेगात असलेल्या गाडीचा मागचा भाग सुटून उडाला आणि गाडी उलटली. गुडघ्याला जबर दुखापत होऊनही ते वाचले. ते अंथरुणावर असताना जॉर्ज फोल्मर यांनी त्याच प्रकारची गाडी चालवून मालिका जिंकली. डोनोह्यू मोसम संपण्याआधी पुन्हा मैदानात उतरले.

1973 साठी पोर्शने 917/30 ही सुधारित गाडी बांधली. 5.4 लिटरचे इंजिन, दोन टर्बो आणि शर्यतीत सुमारे 1,100 अश्वशक्ती असे तिचे स्वरूप होते. आपल्या शेतात चालणारा ट्रॅक्टर साधारण 40 ते 50 अश्वशक्तीचा असतो. म्हणजे वीसहून जास्त ट्रॅक्टरांची ताकद एक टनापेक्षा कमी वजनाच्या गाडीत बसवलेली होती. पहिल्या दोन शर्यती हातून गेल्या, पण उरलेल्या सहाच्या सहा डोनोह्यू यांनी जिंकल्या आणि मालिकेचे विजेतेपद मिळवले. त्यानंतर जगावर तेलाचे संकट आले, मालिकेत इंधनाच्या वापरावर मर्यादा आली आणि या गाडीचे राज्य संपले.

डोनोह्यू यांनी निवृत्ती घेतली, पण ती वर्षभरही टिकली नाही. 1974 च्या अखेरीस ते पेन्स्कींच्या फॉर्म्युला वन संघातून पुन्हा धावू लागले. 9 ऑगस्ट 1975 रोजी अमेरिकेतील टॅलाडेगा येथे त्यांनी 917/30 घेऊन बंदिस्त धावपट्टीवरचा वेगाचा विक्रम केला. वेग होता ताशी सुमारे 355.9 किलोमीटर. त्यासाठी गाडीला इंटरकूलर बसवले होते. टर्बोने दाबलेली हवा तापते. सतत पूर्ण वेगाने धावताना हीच उष्णता पिस्टनचा घात करते. म्हणून ती हवा आधी थंड करून मग इंजिनात सोडली गेली. आज ट्रॅक्टर आणि ट्रकच्या अनेक इंजिनांत हीच सोय असते.

विक्रमानंतर आठ दिवसांनी, 17 ऑगस्टला, ऑस्ट्रियातील शर्यतीच्या सकाळच्या सरावात त्यांच्या फॉर्म्युला वन गाडीचे टायर निकामी झाले. गाडी संरक्षक जाळ्या ओलांडून बाहेर फेकली गेली. या अपघातात ट्रॅकवरील एका मदतनिसाचा मृत्यू झाला. डोनोह्यू यांच्या डोक्यावर हेल्मेट होते, पण डोके जोरात आदळले होते. अपघातानंतर ते बोलत होते आणि फार मोठी इजा झालेली दिसत नव्हती. मग डोकेदुखी सुरू झाली आणि वाढत गेली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. ग्राझ शहरातील रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, पण ते बेशुद्धीतून बाहेर आले नाहीत. 19 ऑगस्ट 1975 रोजी, वयाच्या 38 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

बोलणारा, चालणारा माणूस काही तासांत बेशुद्ध कसा होतो, याचे उत्तर कवटीच्या रचनेत आहे. प्रौढ माणसाची कवटी ही हाडांची बंद पेटी असते. आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचे पाण्यासारखे द्रव एवढेच असते आणि पेटी फुगू शकत नाही. मार लागून एखादी रक्तवाहिनी फाटली की रक्त हळूहळू साचू लागते. सुरुवातीला थोडे द्रव आणि नसांमधले रक्त बाहेर सरकून जागा करून देतात. या काळात माणूस ठीक वाटतो. ही मोकळी जागा संपली की साचलेल्या थोड्याशा रक्तानेही आतला दाब झपाट्याने चढतो आणि मेंदू चेपला जातो. मार आणि परिणाम यांच्यातला हा काळ काही मिनिटांचा, काही तासांचा, तर वृद्धांमध्ये कधी कधी काही आठवड्यांचाही असू शकतो.

म्हणून जिंतूर किंवा गंगाखेड रस्त्यावर दुचाकी घसरली, उसाच्या ट्रॉलीवरून कुणी पडले किंवा घरात म्हातारी व्यक्ती न्हाणीत घसरली, तर उठून उभे राहिल्यावर विषय संपत नाही. जखमी व्यक्तीला किमान 24 तास एकटे सोडू नये. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, न उतरणारी झोप किंवा गुंगी, असंबद्ध बोलणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, झटके येणे, नाका-कानातून रक्त किंवा पाणी येणे, यांतले एकही लक्षण दिसले तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. मार लागल्यावर क्षणभर शुद्ध हरपली असेल किंवा घडलेले आठवत नसेल, तर लक्षणांची वाट न पाहता तपासणी करावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी आणि वृद्धांनी तर साध्या मारानंतरही डॉक्टरांना दाखवावे. डोके दुखते म्हणून मनाने ॲस्पिरिनसारखी गोळी देऊ नये, तिने रक्तस्राव वाढू शकतो. दारू प्यायलेल्या जखमीची गुंगी दारूचीच आहे, असे गृहीत धरून त्याला झोपवून ठेवणे सर्वांत धोक्याचे.

हेल्मेटचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यानुसार दुचाकीस्वाराने हेल्मेट घातल्यास अपघातात मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे 69 टक्क्यांनी घटतो. पण हेल्मेट असले तरी जोराच्या मारानंतर लक्ष ठेवावेच लागते.

डोनोह्यू गेले तेव्हा त्यांना दोन मुलगे होते. त्यांपैकी डेव्हिड पुढे शर्यतीच्या गाड्या चालवू लागले. 1969 मध्ये वडिलांनी जिंकलेली डेटोनाची 24 तासांची शर्यत त्यांनी 2009 मध्ये, बरोबर चाळीस वर्षांनी, पोर्शचे इंजिन असलेल्या गाडीने जिंकली.