कैलाशचंद्र महिंद्रा

कैलाशचंद्र महिंद्रा (जन्म : १८९४, लुधियाना, मृत्यू : १९६३) हे भारतीय उद्योजक, प्रशासक आणि महिंद्रा अँड महिंद्रा या मुंबईस्थित उद्योगाच्या संस्थापकांपैकी एक होते. के. सी. महिंद्रा या नावाने ते अधिक परिचित आहेत. थोरले बंधू जगदीशचंद्र महिंद्रा आणि भागीदार मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह त्यांनी १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी कंपनी स्थापन केली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच काही वर्षांत या कंपनीने अमेरिकी बनावटीच्या जीपची जुळणी मुंबईत सुरू केली. पक्के रस्ते तुरळक असलेल्या देशात चारही चाकांनी ओढणारे वाहन उपलब्ध करून देणे, ही त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत दूरगामी परिणाम करणारी कामगिरी मानली जाते.

जन्म आणि शिक्षण

कैलाशचंद्र यांचा जन्म पंजाबातील लुधियाना येथे झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपल्याने मोठ्या कुटुंबाचा भार थोरले बंधू जगदीशचंद्र (१८९२–१९५१) यांच्यावर आला. धाकट्या भावंडांच्या शिक्षणात खंड पडू नये, याची त्यांनी काळजी घेतली. जगदीशचंद्र यांनी स्वतः मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तंत्रशिक्षण घेतले होते. कैलाशचंद्र यांचे शिक्षण लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात आणि पुढे इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात झाले. केंब्रिजमध्ये त्यांनी ऑनर्स पदवी मिळवली. हॉकी, फुटबॉल आणि नौकावहन या खेळांतही ते रमत.

कारकिर्दीचा प्रारंभ

भारतात परतल्यावर ते कोलकाता येथील मार्टिन अँड कंपनीत रुजू झाले. पूल, रेल्वे आणि पोलाद या क्षेत्रांत वावरणारी ही कंपनी सर राजेंद्रनाथ मुखर्जी यांच्या कर्तृत्वामुळे नावारूपाला आली होती. कैलाशचंद्र यांनी मुखर्जी यांचे इंग्रजी चरित्र लिहिले. ते १९३३ साली प्रसिद्ध झाले. हिंदुस्तान रिव्ह्यू या नियतकालिकाच्या संपादनाचे कामही त्यांनी काही काळ पाहिले. त्याच काळात जगदीशचंद्र टाटांच्या पोलाद कंपनीत विक्री विभागाची धुरा सांभाळत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते भारत सरकारचे पहिले पोलाद नियंत्रक झाले. दोघा भावांची पुढील वाटचाल पोलादाच्या व्यापारापासून सुरू झाली, त्याचे कारण या अनुभवात सापडते.

अमेरिकेतील कार्यकाळ

१९४२ साली कैलाशचंद्र यांची अमेरिकेतील भारतीय पुरवठा मंडळाचे प्रमुख म्हणून नियुक्ती झाली. युद्धाला लागणारी सामग्री अमेरिकेतून मिळवणे हे या मंडळाचे काम होते. त्यामुळे तेथील अवजड उद्योग आणि वाहन उद्योग त्यांना जवळून पाहता आले.

या उद्योगाचे त्या काळातील सर्वाधिक चर्चेतील उत्पादन म्हणजे जीप. १९४० साली अमेरिकी सैन्याने हलक्या टेहळणी वाहनाची मागणी नोंदवली. बँटम कंपनीने पहिला नमुना सादर केला, तर विलिस-ओव्हरलँड कंपनीने आपल्या नमुन्यात अधिक दमदार इंजिन बसवले. सुमारे ६० अश्वशक्तीच्या या इंजिनामागे डेल्मर ऊर्फ बार्नी रूस या अभियंत्याचे परिश्रम होते. विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीपा तयार केल्या. भारत-ब्रह्मदेश सीमेवरील चिखलाच्या आणि जंगलाच्या वाटांवरही त्या वापरल्या गेल्या. अमेरिकेतील वास्तव्यात कैलाशचंद्र यांची रूस यांच्याशी भेट झाली आणि तेथूनच भारतात जीप आणण्याच्या विचाराने मूळ धरले, असे सांगितले जाते.

कंपनीची स्थापना आणि फाळणी

२ ऑक्टोबर १९४५ रोजी मुंबईत महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी स्थापन झाली. याच सुमारास कैलाशचंद्र यांच्यावर सरकारी जबाबदाऱ्याही आल्या. १९४६ च्या भारतीय कोळसाक्षेत्र समितीचे ते अध्यक्ष होते. मोटार व ट्रॅक्टर उद्योगाविषयीच्या सरकारी मंडळाचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. त्यामुळे वाहन उद्योगाचा विचार त्यांना व्यापारी आणि नियोजनकार अशा दोन्ही भूमिकांतून करावा लागला.

१९४७ च्या फाळणीने नव्या कंपनीचा एक आधारच निखळला. लाहोरमध्ये जन्मलेल्या गुलाम मोहम्मद यांनी पाकिस्तानात जाण्याचा निर्णय घेतला. ते त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ ते १९५५ या काळात गव्हर्नर जनरल होते. इकडे १९४८ च्या जानेवारीत कंपनीचे नाव बदलून महिंद्रा अँड महिंद्रा करण्यात आले. नाव बदलले तरी दोन्ही आद्याक्षरे तीच राहिली. महिंद्रा कुटुंबाचे मूळ गाव लुधियाना भारतात राहिले, पण कैलाशचंद्र यांचे महाविद्यालय ज्या लाहोरात होते, ते शहर आता परदेशात गेले होते.

जीप मुंबईत

विलिस कंपनीने युद्ध संपताच १९४५ साली नागरी वापराची जीप बाजारात आणली. नांगर ओढणे आणि इंजिनाच्या शक्तीवर शेतातील यंत्रे चालवणे, ही कामेही ती करू शकेल असा तिचा प्रचार होता. महिंद्रा कंपनीने विलिसशी करार करून या वाहनाच्या भारतातील व्यवसायाला १९४७ साली प्रारंभ केला. १९४९ पासून मुंबईतील माझगाव येथे सुट्या भागांच्या स्वरूपात आलेल्या जीपांची जुळणी होऊ लागली.

त्या काळी जिल्ह्याच्या ठिकाणापासून थोडे आत गेले की खडीचा रस्ता संपत असे. विदर्भातील परिस्थिती याचे चांगले उदाहरण आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यात उंद्रीसारख्या गावांच्या परिसरात काळी कसदार जमीन आढळते. कापसाला पोषक असलेली ही माती पावसात फुगते आणि चिकट होते. पांदण रस्त्याने जाणाऱ्या वाहनाच्या टायरची नक्षी तिने भरून जाते आणि चाक जागच्या जागी फिरू लागते. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाल्यावर गटविकास अधिकारी, कृषी आणि आरोग्य कर्मचारी यांना अशाच वाटांनी गावोगाव जावे लागले. त्यासाठी जीप उपयोगी पडली. पुढे सैन्य, पोलीस, वनखाते आणि पाटबंधारे खाते यांच्या कामातही तिचा वापर रुळला.

जीपची चालनव्यवस्था

बैलगाडीची दोन्ही चाके आखावर मोकळी फिरतात. त्यामुळे वळणावर बाहेरचे चाक अधिक आणि आतले कमी अंतर कापते, तरी अडचण येत नाही. मोटारीत मात्र चाकांना इंजिनाची शक्ती जोडलेली असते. ती जोडलेली ठेवूनही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी चक्रांची रचना म्हणजे डिफरन्शियल. ही रचना दोन्ही चाकांना सारखाच पीळ देते, आणि चिखलात तोच तिचा दोष ठरतो. एक चाक निसरड्या जागी आले की ते फिरवायला फारसा जोर लागत नाही. मग घट्ट जमिनीवरील दुसऱ्या चाकालाही तितकाच अल्प जोर मिळतो. एक चाक गरगर फिरते, दुसरे स्थिर राहते आणि गाडी फसते.

विलिसच्या जीपमध्ये या दोषावर अंशतः उपाय होता. गिअरपेटीच्या मागे जोडलेल्या ट्रान्सफर केसमधून पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही आसांना शक्ती जात असे. चालकाने दांडा ओढून पुढचा आस जोडला की दोन्ही आस एकमेकांशी जखडले जात. मागची चाके घसरली तरी पुढची ओढत राहत. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र ही जोडणी सोडावी लागे, कारण वळणावर पुढच्या व मागच्या चाकांचे अंतर सारखे नसते आणि यंत्रणेवर ताण येतो. प्रत्येक आसावरील डिफरन्शियल मोकळेच असल्याने मर्यादाही उरत होती. पुढचे एक आणि मागचे विरुद्ध बाजूचे एक, अशी दोन चाके अधांतरी झाली की जीप थांबत असे. अशा वेळी चालकाचे कसब, चाकाखाली घातलेले दगड किंवा फांद्या आणि गावकऱ्यांचे हात यांचाच आधार असे.

जुळणीकडून निर्मितीकडे

१९५०च्या दशकात भारतीय वाहन उद्योगापुढे अस्तित्वाचा प्रश्न उभा राहिला. प्रशुल्क आयोगाच्या १९५३ च्या अहवालानंतर सरकारने असे धोरण स्वीकारले की, टप्प्याटप्प्याने देशातच भाग बनवण्याचा कार्यक्रम असलेल्या कंपन्यांनाच वाव द्यावा. केवळ आयात भागांची जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड या बलाढ्य कंपन्यांनी या काळात भारतातील काम आवरते घेतले. जनरल मोटर्सचा मुंबईतील शिवडी येथील कारखाना १९२८ पासून चालू होता; तोही बंद झाला.

तोवर महिंद्रा कंपनीही प्रामुख्याने जुळणीच करत होती. जगदीशचंद्र यांचे १९५१ साली निधन झाल्याने कंपनीच्या नेतृत्वाचा मुख्य भार कैलाशचंद्र यांच्यावर आला होता. त्यांच्या कार्यकाळात कंपनीने विलिसच्या सहकार्याने भारतात टप्प्याटप्प्याने जीपनिर्मितीचा मार्ग धरला. बोनेट उंच असलेला सी. जे. ३ बी हा विलिसचा नमुना अमेरिकेत १९६०च्या दशकात मागे पडला, परंतु त्याच्या आराखड्यावर आधारित वाहने भारतात त्यानंतर अनेक दशके तयार होत राहिली.

अन्य कार्य आणि अखेरची वर्षे

कैलाशचंद्र यांनी रिझर्व्ह बँक, एअर इंडिया आणि हिंदुस्तान स्टील यांच्या संचालक मंडळांवर काम केले. १९५३ साली त्यांनी के. सी. महिंद्रा शिक्षण न्यासाची स्थापना केली. परदेशात पदव्युत्तर शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना हा न्यास साहाय्य करतो. १९९६ साली मुलींच्या शिक्षणासाठी नन्ही कली हा उपक्रमही याच न्यासामार्फत सुरू झाला.

कैलाशचंद्र यांचे १९६३ साली निधन झाले. त्याच वर्षी कंपनीने इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने ट्रॅक्टर उद्योगात पाऊल टाकले. त्यांच्यानंतर केशुब महिंद्रा अध्यक्ष झाले आणि २०१२ पर्यंत त्या पदावर राहिले. महिंद्रा कुटुंबातील हरीश महिंद्रा हेही उद्योजक होते. आनंद महिंद्रा हे हरीश यांचे पुत्र होत.

वारसा

माझगावच्या जीपपुढे असलेला प्रश्न, म्हणजे पकड असलेल्या चाकापर्यंत शक्ती कशी पोहोचवावी, हा पुढच्या पिढीतील वाहनांपुढेही कायम राहिला. कंपनीने २०२० साली आणलेल्या नव्या थार या वाहनात त्याची दोन उत्तरे दिसतात. त्याच्या काही प्रकारांत मागच्या आसावर यांत्रिक रीतीने जखडणारे डिफरन्शियल आहे. एक चाक दुसऱ्यापेक्षा बरेच वेगाने फिरू लागताच ते दोन्ही चाकांना एकत्र बांधते, आणि पकड असलेले चाक गाडी ओढून काढते. संथ गतीने, खोल चिखलातून किंवा खडकांवरून जाताना हा उपाय भरवशाचा असतो. मात्र जखडलेला आस वळणाला विरोध करतो आणि त्याच्या भागांवर ताण पडतो.

दुसरा उपाय ब्रेकच्या साहाय्याने काम करतो. संवेदक प्रत्येक चाकाची गती मोजतात आणि घसरणाऱ्या चाकालाच ब्रेक लावला जातो. त्या चाकाला विरोध मिळाल्याने मोकळे डिफरन्शियल दुसऱ्या चाकालाही जोर देऊ लागते. स्टिअरिंगवर याचा फारसा परिणाम होत नाही आणि एरवीच्याच ब्रेकचा उपयोग होत असल्याने वेगळे जड भाग लागत नाहीत. परंतु चाक आधी घसरावे लागते, इंजिनाची काही शक्ती ब्रेकमध्ये खर्ची पडते आणि दीर्घकाळ वापर झाल्यास ब्रेक तापतात. म्हणून अवघड वाटांवर हे दोन्ही उपाय परस्परपूरक ठरतात.

या दोन्ही सोयी कैलाशचंद्र यांच्या काळातील जीपमध्ये नव्हत्या. तिच्यामागील विचार मात्र साधा होता : रस्ता तयार होईपर्यंत माणसांनी आणि कामांनी थांबून राहू नये. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात चौकोनी बांध्याच्या कोणत्याही उघड्या गाडीला आजही सर्रास जीप म्हटले जाते.