चाचे की सरखेल?

मी शिकलो कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला!

परवा होस्टेलच्या टीव्हीवर ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’चा २००७ साली आलेला तिसरा भाग लागला होता. त्यात हिंदी महासागराच्या चाच्यांचा प्रमुख म्हणून संभाजी आंग्रिया नावाचा एक पगडीवाला येतो. आम्ही सगळे हसलो. माझा अलिबागचा रूममेट मात्र हसला नाही. संभाजी हा कान्होजी आंग्र्यांचा मुलगा, एवढं सांगून तो उठून गेला. मला जाम ओशाळल्यासारखं झालं. दुसऱ्याच दिवशी लायब्ररी गाठली.

कान्होजींचा जन्म १६६९ चा. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या आरमारात होते. राजाराम महाराजांच्या काळात पराक्रम गाजवून कान्होजी सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख झाले. पुढे शाहू-ताराबाई वादात ते ताराबाईंच्या बाजूला होते. शाहूंनी पाठवलेल्या पेशव्यालाच त्यांनी कैद केलं! शेवटी बाळाजी विश्वनाथांनी १७१४ मध्ये तह घडवला आणि कान्होजी शाहूंकडे आले.

कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी कान्होजींचा परवाना, म्हणजे दस्तक घ्यायचा, नाहीतर जहाज जप्त. इंग्रजांनी याला चाचेगिरी म्हटलं. पण पोर्तुगीज आणि इंग्रज स्वतःही असेच परवाने देत होते! त्यांनी केला तर कायदा, आपण केली तर लूट?

तरी सगळं गोड लिहिणार नाही. १७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरचं जहाज कान्होजींच्या लोकांनी पकडलं. त्या लढाईत कंपनीचा एक अधिकारी मेला. त्याच्या तरुण विधवेला कैदेत ठेवून तीस हजार रुपये घेतल्यावरच सोडलं. हे वाचून मला वाईट वाटलं.

आता आपल्या इंजिनिअरिंगचा भाग. त्यांची गुराबं आणि गलबतं उथळ पाण्यातही चालायची, खाडीत शिरायची. वारा पडला की इंग्रजांची मोठी जहाजं जागीच अडकायची. तेव्हा वल्ह्यांची गलबतं गुराबांना ओढत त्यांच्या पिछाडीला न्यायची आणि तिथून तोफा डागायची. जहाज लहान, पण डिझाइन जागेला फिट!

इंग्रजांनी विजयदुर्ग आणि खांदेरीवर हल्ले केले, हात हलवत परत गेले. १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर आले, तरी हरले. ४ जुलै १७२९ ला कान्होजी वारले, तोवर त्यांना कोणी मोडू शकलं नाही.

आज मुंबईतल्या नौदलाच्या तळाला आय.एन.एस. आंग्रे हे त्यांचंच नाव आहे. एकच माणूस, इंग्रजांच्या कागदात चाचा आणि आपल्या आरमाराचा सरखेल. मी फक्त पहिलंच वाचून मोठा झालो होतो.

रूममेटला सॉरी म्हटलंय. सेमिस्टर संपलं की त्याच्या घरी अलिबागला जाणार आहे, कान्होजींच्या समाधीवर डोकं टेकवायला.