पंडित कुमार गंधर्व : मौनातून उगवलेले गाणे

शाळेत मुलाला अक्षर शिकविताना आपण प्रथम त्याच्यापुढे कित्ता ठेवतो. कित्ता गिरविल्यावाचून अक्षर वळणदार होत नाही, हे खरे. परंतु जन्मभर कित्ताच गिरवीत राहिलेल्या मनुष्याला स्वतःचे अक्षर लाभत नाही, हेही तितकेच खरे आहे. कित्ता केव्हा बाजूला ठेवावा, हे ओळखणे फार थोड्यांना साधते. आणि बाजूला ठेवण्याचे धैर्य तर त्याहूनही थोड्यांना असते. हिंदुस्थानी संगीताच्या क्षेत्रात हे धैर्य ज्यांनी दाखविले, त्यांत पंडित कुमार गंधर्व यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. नियतीने त्यांचा कंठ हिरावून घेतला, वर्षानुवर्षे त्यांना मौनात ठेवले आणि मग तोच कंठ त्यांना परत केला. परत मिळालेल्या कंठाने त्यांनी जुने यश पुन्हा मागितले नाही. ते स्वतःचे गाणे गाऊ लागले. त्यांची जन्मशताब्दी नुकतीच होऊन गेली. त्या निमित्ताने त्यांच्या चरित्राचे स्मरण करण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

कुमारांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावनजीकच्या सुळेभावी ह्या गावी झाला. त्यांचे मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ. घराणे लिंगायत, घरची भाषा कानडी. वडील सिद्धरामय्या स्वतः गात असत, त्यामुळे सूर घरातच होता. मात्र शिवपुत्राला कोणी पद्धतशीर शिकविले नव्हते. एके दिवशी हे पाच-सहा वर्षांचे मूल आपण होऊन गाऊ लागले, आणि नामांकित गवयांच्या ध्वनिमुद्रिकांतील गाणे जागांसकट, तानांसकट जसेच्या तसे म्हणू लागले. तबकडीवरील तीन-चार मिनिटांचे गाणे, त्यातील प्रत्येक हरकतीसह, त्या मुलाच्या कंठातून हुबेहूब बाहेर पडे. ऐकणारे थक्क होत. एका मठाधिपती स्वामींनी त्याचे गाणे ऐकून त्याला कुमार गंधर्व म्हटले, आणि पुढे ते बिरुदच त्याचे नाव होऊन बसले.

मग सुरू झाले बालगवयाचे फिरते आयुष्य. गावोगाव जलसे होऊ लागले. कोट-टोपी घातलेला, छातीवर पदके मिरविणारा तो मुलगा मोठमोठ्या उस्तादांचे गाणे त्यांच्या ढंगात म्हणून दाखवी आणि टाळ्यांचा कडकडाट होई. १९३६ साली मुंबईच्या जिना हॉलमध्ये प्रोफेसर बी. आर. देवधर यांनी भरविलेल्या संगीत परिषदेत अकरा वर्षांचे कुमार गायले. समोर जाणते गवई आणि मुंबईतील रसिक बसले होते. त्या एका बैठकीने मुलाचे नाव सर्वतोमुखी झाले. पुष्कळ मुलांच्या चरित्रात असा दिवस हा कळस ठरतो, आणि त्यानंतरची कथा उतरणीची असते. कुमारांचे भाग्य असे की, त्या दिवसाने त्यांना एक गुरू मिळवून दिला.

देवधर हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. ते विद्यापीठाचे पदवीधर होते, पाश्चात्त्य संगीताचाही त्यांनी अभ्यास केला होता, आणि गिरगावात ऑपेरा हाऊसजवळ त्यांनी १९२५ साली स्कूल ऑफ इंडियन म्युझिक स्थापन केले होते. त्या काळी एका घराण्याचा शिष्य दुसऱ्या घराण्याचे गाणे ऐकणेही वर्ज्य मानी. देवधरांचे तसे नव्हते. चांगली चीज जेथे मिळेल तेथून ती मिळवावी, लिहून ठेवावी, तिचे मर्म शोधावे, अशी त्यांची वृत्ती. त्यांच्या शाळेत निरनिराळ्या घराण्यांच्या गवयांची ये-जा असे. बडे गुलाम अली खाँसारखे थोर गायक तेथे येत, तसेच सिंदे खाँसारखे फकिरी वृत्तीचे विद्वानही येत.

अशा घरात कुमार १९३६ साली दाखल झाले आणि सुमारे अकरा वर्षे राहिले. ज्या मुलाला सर्वांची नक्कल करता येत होती, त्याला येथे नकलेमागचे कारण शिकावयाचे होते. हा सूर येथे का लागतो, ह्या रागाचे चलन असेच का, शब्द कोठे तोडावा आणि कोठे तोडू नये, ह्या प्रश्नांचा अभ्यास सुरू झाला. भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकर ह्यांचेही मार्गदर्शन त्यांना लाभले. पुढे त्याच शाळेत ते शिकवूही लागले. विशी गाठण्यापूर्वीच मोठ्या गवयांच्या पंक्तीत त्यांचे नाव घेतले जाऊ लागले होते. ट्रामचा खडखडाट, गणेशोत्सवातील मैफली, चाळींतून ऐकू येणारी पेटी, अशा त्या गिरगावात ह्या तरुण गवयाचे सोन्याचे दिवस चालले होते.

१९४७ साली त्यांचा विवाह भानुमती कंस ह्यांच्याशी झाला. भानुमतीबाई कराचीच्या, देवधरांच्याच शाळेत गाणे शिकलेल्या. दोघेही कलावंत, दोघेही तरुण. आणि ह्याच सुमारास कुमारांना क्षयाने गाठले.

आज क्षयावर औषध आहे, म्हणून तरुण वाचकांना त्या वेळच्या भीतीची कल्पना येणार नाही. मुंबईच्या चाळीत तो शब्द हळू आवाजात उच्चारला जाई. विश्रांती, सकस अन्न आणि कोरडी हवा, एवढाच उपाय वैद्यांच्या हाती होता. गवयाच्या बाबतीत तर हे दुखणे दुहेरी घाताचे. ज्या फुप्फुसांवर त्याचा दमसास उभा, तीच पोखरली जात होती. डॉक्टरांनी गाण्यास सक्त मनाई केली. मुंबईची दमट हवा सोडणे भाग होते. माळव्यातील स्नेह्यांनी देवास सुचविले, आणि १९४८ च्या जानेवारीअखेर हे जोडपे देवासला येऊन राहिले.

देवास हे पवारांच्या दोन पात्यांचे जुने संस्थानी गाव, चामुंडेच्या टेकडीच्या पायथ्याशी वसलेले. उस्ताद रजब अली खाँसारखे मातब्बर गवई तेथे राहत असल्याने गावाला गाण्याचे वेड होते. परंतु कुमार तेथे गाण्यासाठी गेले नव्हते. न गाण्यासाठी गेले होते. त्यांना ना दरबारचा आश्रय होता, ना नोकरीचा आधार. मैफल बंद म्हणजे मिळकत बंद. अशा वेळी भानुमतीबाईंनी शाळेत शिक्षिकेची नोकरी धरली. दिवसा शाळा, घरी आजाऱ्याची शुश्रूषा, औषधपाणी आणि संसार, असे त्यांचे दिवस गेले. त्याही गाणाऱ्या होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे त्या त्यागाचे मोल कळते. कुमारांच्या पुढील कीर्तीची इमारत ज्या पायावर उभी राहिली, त्या पायात ह्या साध्वीचे स्वतःचे गाणे पुरले गेले आहे. चरित्रकारांनी हे विसरू नये.

सुमारे पाच वर्षे ही स्थिती होती. गाणारा मनुष्य अंथरुणावर पडून राहिला. त्याला करण्यासारखे एकच काम उरले, ते म्हणजे ऐकणे. आजवर त्याने ऐकले होते ते उस्तादांना. आता कानावर पडू लागली ती माळव्याच्या बायकांची गाणी. लग्नाची गाणी, पावसाची गाणी, देवीची गाणी. दारावरून जाणारे नाथपंथी जोगी कबीराची आणि गोरखनाथाची निर्गुणी भजने म्हणत जात. ह्या गाण्यांना उस्ताद नव्हता, घराणे नव्हते, टाळ्याही नव्हत्या. कुमार ती लक्ष देऊन ऐकू लागले, टिपून ठेवू लागले. देवधरांच्या शाळेतील स्वरलेखनाची शिस्त येथे कामास आली. भानुमतीबाईही ह्या कामात साहाय्य करीत.

ह्या श्रवणातून त्यांच्या मनात एक विचार पक्का झाला. राग हे कोणी शास्त्रकाराने कागदावर घडविलेले नाहीत. त्यांचा उगम लोकांच्या धुनांत आहे. लोकगीताची धून बहुधा चार-पाच स्वरांतच फिरते. पण तेवढ्यातही स्वरांची एक ठराविक वाट असते, एक विशिष्ट वळण असते, आणि तेच रागाचे बीज होय. हे बीज ओळखून, त्याचा स्वभाव न बिघडविता, त्याचा विस्तार करता आला तर नवा राग सिद्ध होतो. अशा रागांना त्यांनी धुनउगम राग म्हटले. मालवती, संजारी, लगनगांधार, सहेली तोडी, अहिमोहिनी, मधसुरजा, निंदियारी हे त्यांपैकी काही. राग जोडून नवा राग बनविण्याची रीत पूर्वीपासून होती. कुमारांनी मात्र जोडकाम न करता, पाणी जेथून निघते त्या झऱ्यापर्यंत जाण्याचा यत्न केला.

दरम्यान १९४३ साली अमेरिकेत शोधले गेलेले स्ट्रेप्टोमायसीन हे औषध आपल्या देशात मिळू लागले होते. त्याच्या उपचाराने कुमार बरे झाले. पण एक फुप्फुस कायमचे अधू झाले. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले.

येथे त्यांच्यापुढे खरा प्रश्न उभा राहिला असला पाहिजे. श्रोत्यांना हवा होता तो पूर्वीचा कुमार, तो लखलखता बालगंधर्वी चमत्कार. थोडी शक्ती राखून, जुन्याच चिजा जुन्याच ढंगाने गायल्या असत्या तर लोकांनी कौतुकच केले असते, आणि आजाराची सबब तर होतीच. घरची ओढाताण पाहता सुरक्षित मार्ग तोच होता. कुमारांनी तो नाकारला. दीर्घ दमसासाची गायकी आता शरीराला पेलणारी नव्हती. म्हणून त्यांनी लहान, नेमक्या आणि तेजस्वी स्वरवाक्यांची गायकी घडविली. एक स्वरसमूह विजेसारखा चमकून जाई, मग क्षणभर शांतता. आणि ती शांतताही गाण्याचाच भाग वाटे. तंबोरे सुरात लावण्याकडे त्यांचे इतके लक्ष असे की, तंबोरे लागले म्हणजे अर्धे गाणे झाले असे श्रोत्यांना वाटे. शरीराचे वैगुण्य त्यांनी लपविले नाही. त्यातूनच सौंदर्याची नवी रीत काढली.

मुंबईने त्यांना पुन्हा ऐकले तेव्हा मतभेद झाल्यावाचून राहिले नाहीत. जुन्या मताच्या मंडळींना हे गाणे तुटक वाटले. विलंबित ख्यालाची भारदस्त बढत कोठे आहे, असे ते विचारीत. गाणाऱ्याला घराणे नाही, असाही आक्षेप होता. ह्या आक्षेपांत काहीच तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. ज्याला संथ, अखंड आलापीची आवड आहे त्याला कुमारांच्या गाण्यात ती क्वचितच मिळे. परंतु गिरगाव-दादरच्या रसिकांत असेही पुष्कळ होते की, ज्यांना ह्या गाण्यात राग नव्याने भेटला. तबल्यावर वसंतराव आचरेकर आणि पेटीवर गोविंदराव पटवर्धन अशी समजूतदार साथ त्यांना मुंबईकर कलावंतांकडूनच मिळाली. १९६५ साली त्यांच्या रचनांचा ‘अनूपरागविलास’ हा ग्रंथ गिरगावातील मौज प्रकाशनानेच प्रसिद्ध केला. ज्या गिरगावातून आजारी होऊन ते गेले, त्याच गिरगावातून त्यांचे स्वतःचे गाणे छापून निघाले, हा योग सुंदर होय.

पुढे त्यांनी एकेका विषयाला वाहिलेले कार्यक्रम सादर केले. माळव्याची लोकगीते, ऋतूंची गाणी, कबीर-सूर-मीरा ह्यांची त्रिवेणी, तुलसीदास आणि तुकाराम ह्यांचे दर्शन, असे ते विषय. निर्गुणी भजन तर त्यांच्या कंठातून असे उमटू लागले की, आज कबीर म्हटला की अनेकांच्या कानी कुमारांचाच स्वर येतो. बालगंधर्वांच्या गाण्यावरही त्यांनी कार्यक्रम केला. तो केवळ नक्कल नव्हता. बालपणी हुबेहूब नक्कल करणारे कुमार आता बालगंधर्व आपल्याला कसे उमजले ते सांगत होते. कित्ता गिरविणे आणि कित्त्याचा अर्थ सांगणे, ह्यांत जे अंतर आहे ते येथे स्पष्ट दिसते.

सुखाचे दिवस आले तोच, १९६१ साली भानुमतीबाईंचे प्रसूतीनंतर निधन झाले. पुढच्या वर्षी कुमारांचा विवाह वसुंधरा श्रीखंडे ह्यांच्याशी झाला. त्याही देवधरांच्याच शाळेच्या विद्यार्थिनी. मैफलीत कुमारांच्या मागे बसून स्वरसाथ करणाऱ्या वसुंधराबाई अनेकांना स्मरत असतील. चिरंजीव मुकुल आणि कन्या कलापिनी ह्यांनीही गायनाचाच मार्ग धरला.

मानसन्मान यथाकाल आले. १९७७ साली पद्मभूषण आणि १९९० साली पद्मविभूषण ह्या पदव्यांनी राष्ट्राने त्यांचा गौरव केला. कुमारांनी मात्र देवास सोडले नाही. मुंबई त्यांना बोलावी, ते येत, गात आणि परत आपल्या टेकडीच्या पायथ्याशी जात. १२ जानेवारी १९९२ रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला.

ह्या चरित्रापासून आपण काय घ्यावे? आपल्या ज्ञातीच्या गुणगौरव समारंभात दरवर्षी लहान मुले व्यासपीठावर येतात. कोणी गाते, कोणी पेटी वाजविते, कोणी गाजलेले गाणे हुबेहूब म्हणून दाखविते. आपण टाळ्या वाजवितो, पदक देतो. ते योग्यच आहे. पण मुलाची खरी कसोटी पदक मिळाल्यानंतर सुरू होते, ह्याचे भान पालकांनी ठेवावे. त्याला देवधरांसारखा, दारे-खिडक्या उघड्या ठेवणारा गुरू मिळेल असे पाहावे. आणि कालांतराने ते मूल थांबले, आजारपणाने, नोकरीने वा संसाराने त्याचे गाणे सुटले, तर ते वाया गेले असा शिक्का मारण्याची घाई करू नये. मौनाची वर्षे सारीच रिकामी नसतात. कान उघडे असतील तर दारावरून जाणारा जोगीही गुरू होतो.

कित्ता बाजूला ठेवून स्वतःचे अक्षर काढणाऱ्या त्या थोर गायकाच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन असो.