दंतवैद्यकाचा आद्य आचार्य : पिएर फोशार

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिस नगरीतील सीन नदीवरच्या पाँ नफ या पुलावर बारमाही जत्रा भरलेली असे. औषधे विकणारे, गारुडी, गाणारे यांच्या गर्दीत दात उपटणाऱ्यांचाही मोठा भरणा असे. त्यांपैकी ग्रां तोमा नावाचा एक अगडबंब गृहस्थ तर नटूनथटून गाडीवर उभा राहून लोकांचे दात उपटी. ज्यांना ही विद्या साधलेली नसे ते युक्ती करीत. एखाद्या गरजू माणसाला चार पैसे देऊन गर्दीत उभा करावयाचे. त्याने गालात पातळ त्वचेच्या पिशवीत कोंबडीचे रक्त व एक दात दडवून ठेवावयाचा. वैद्यबुवांनी बोट लावताच पिशवी फोडून रक्तासह दात थुंकावयाचा आणि यत्किंचितही दुखले नाही, अशी ग्वाही द्यावयाची. पाहणारे भोळे लोक मग रांगेने पुढे येत. खरी वेदना त्यांच्या वाट्याला येई.

ही लबाडी ज्याने ग्रंथात लिहून चव्हाट्यावर मांडली, त्या पिएर फोशार याची ओळख आमच्या विद्यार्थ्यांना करून द्यावी, असा आमचा हेतू आहे.

फोशारचा जन्म १६७८ च्या सुमारास फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी तो राजाच्या आरमारात दाखल झाला आणि तेथे पोतलरे नावाच्या शस्त्रवैद्याच्या हाताखाली शिकू लागला. महिनोन् महिने ताजी भाजी वा फळे न मिळाल्याने खलाशांना स्कर्व्ही होई; हिरड्या सुजत, रक्त वाहे, धडधाकट माणसाचे दात हलू लागत. मुखरोगांचे पहिले धडे फोशारने गिरवले ते असे, बोटीवर. पुढे आंजे गावी त्याने अनेक वर्षे व्यवसाय केला आणि नंतर तो पॅरिसला आला. स्वतःस तो दंतशल्यवैद्य म्हणवून घेई. दात काढणे हे न्हाव्याचे वा भोंदूचे काम नसून ते एक स्वतंत्र शास्त्र आहे, हा त्याचा आग्रह त्या नावातच होता.

त्या काळी वैद्य आपली विद्या झाकून ठेवीत. गुरूने शिष्याला सांगितले तर सांगितले, नाहीतर ती त्याच्याबरोबरच जाई. फोशारने नेमके उलट केले. हाती होते ते सर्व ज्ञान त्याने कागदावर उतरविले, पॅरिसमधील नामांकित वैद्यांस व शस्त्रवैद्यांस वाचावयास दिले आणि १७२८ मध्ये ‘दंतशल्यवैद्य’ या अर्थाच्या नावाने आठशेंहून अधिक पानांचा ग्रंथ दोन खंडांत प्रसिद्ध केला. हत्यारांच्या आकृत्याही त्यात छापल्या. आपल्या पोटावर पाय येईल ही भीती त्याला वाटली नसेल असे नाही. परंतु ती त्याने मनावर घेतली नाही. आमच्या मते त्याचा खरा मोठेपणा येथे आहे.

दातात किडा शिरून तो दात पोखरतो, ही समजूत जगभर रूढ होती. आपण मराठीत आजही दाताला कीड लागली असेच म्हणतो. आमच्या घरच्या कोंकणीतही दात किडतोच. फोशारने किडलेले दात सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. किडा सापडला नाही, तेव्हा त्याने तसे स्पष्ट लिहिले आणि दोष साखरेच्या व गोड पदार्थांच्या सेवनावर ठेवला. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात खाते, हे पुष्कळ पुढे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उमगले. दुखऱ्या दातावर तो लवंगेचे व दालचिनीचे तेल लावी, हे ऐकून आमच्या घरोघरच्या आजीबाई मान डोलावतील. मात्र दातदुखीवर स्वमूत्राच्या गुळण्या कराव्यात असेही त्याने लिहून ठेवले आहे. थोर माणसाचे प्रत्येक म्हणणे शिरोधार्य मानण्याचे कारण नाही.

रोग्याला जमिनीवर बसवून त्याचे डोके गुडघ्यांत धरण्याची तेव्हा चाल होती. फोशारने त्याला खुर्चीवर बसविले. सोनारांची व घड्याळजींची हत्यारे त्याने कामाला लावली. किडलेला भाग खरवडून पोकळीत शिसे, कथील वा सोन्याचा वर्ख ठासून तो दात वाचवी. दात भरून निघे. पण त्याचा रंग मात्र धातूचा दिसे.

दातांची कवळी करावयाची तर त्याहून बिकट. पाणघोड्याच्या सुळ्याचे वा बैलाच्या हाडाचे दात कोरीत; पण लाळेने ते पिवळे पडत, कुजत व दुर्गंधी येई. माणसाचेच दात हवे असल्यास ते मिळत, परंतु कोणाचे? गरिबाने विकलेले, नाहीतर मेलेल्याचे. १८१५ मध्ये वॉटर्लूच्या रणांगणावर पडलेल्या सैनिकांचेही दात काढून नेले गेले. फोशारनेही माणसाचे दात वापरले आहेत, हे लपवून चालणार नाही. परंतु त्याने दुसरी एक वाट शोधली. सोन्याच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर मीनाकाम करणाऱ्या कारागिराकडून त्याने रंगीत काचेचा मुलामा भट्टीत भाजून चढविला. दात दातासारखे, हिरडी हिरडीसारखी. वरची कवळी जागच्या जागी राहावी म्हणून पोलादी स्प्रिंगा लावल्या. दागिन्यावरची कला अशी माणसाच्या मुखात आली. दाताच्या नैसर्गिक कवचाला इंग्रजीत एनॅमल म्हणतात आणि मीनाकामालाही तोच शब्द आहे. हे कवच शेकडा ९६ भाग खनिजांचे असते, शरीरात त्याहून कठीण काही नाही. मात्र एकदा झिजले की ते पुन्हा उगवत नाही. म्हणूनच त्याची नक्कल करण्याचा हा सारा खटाटोप.

ग्रंथाचे जर्मन भाषांतर १७३३ मध्ये निघाले व सुधारित आवृत्ती १७४६ मध्ये. फोशारने नाव आणि पैसा दोन्ही मिळविले. त्याचा मुलगा मात्र वडिलांच्या वाटेने न जाता नट झाला आणि ग्रांमेनील या नावाने फ्रेंच रंगभूमीवर गाजला. २२ मार्च १७६१ रोजी फोशारने पॅरिसमध्ये देह ठेवला.

त्याने उघडलेली वाट पुढे रुंदावली. १७७४ मध्ये दुशातो या औषधविक्याने स्वतःच्या कवळीच्या दुर्गंधीला कंटाळून चिनीमातीची कवळी बनवून घेतली. १८०८ मध्ये फोन्झीने चिनीमातीचा एकेक सुटा दात प्लॅटिनमच्या खिळ्यासह तयार केला. १९५५ मध्ये अमेरिकेतील ब्युओनोकोर याने दाताच्या कवचावर फॉस्फोरिक आम्ल लावून ते सूक्ष्म प्रमाणात खडबडीत केले, म्हणजे राळेसारखा पदार्थ तेथे घट्ट चिकटतो, हे दाखविले. त्यानंतर थोड्याच वर्षांत बोवेनने राळेत काचेची पूड मिसळून दाताच्या रंगाचे भरण सिद्ध केले. आज निळ्या प्रकाशाखाली काही क्षणांत घट्ट होणारे भरण दाताच्या रंगाशी इतके मिसळते की आरशात शोधूनही सापडत नाही.

फोशारचा ग्रंथ इंग्रजीत यावयास मात्र १९४६ साल उजाडले. तो अनुवाद लिलियन लिंडसे या बाईंनी केला. ब्रिटनमध्ये दंतवैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.