हवेवर धावणाऱ्या चाकाचा पहिला जनक

खडकाळ वाट, नदीपात्रातील वाळू किंवा नांगरलेले शेत यांतून मालाने भरलेला ट्रेलर ओढून न्यायचा असेल, तर दोन प्रश्न आधी सोडवावे लागतात. धक्का कोणी सोसायचा आणि ओझे किती जमिनीवर पसरायचे? पाटे कसे असावेत, चाके किती रुंद घ्यावीत, टायरमध्ये हवा किती ठेवावी, ही सारी चर्चा याच दोन प्रश्नांभोवती फिरते. चाकाच्या बाबतीत त्यांचे उत्तर पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी एका स्कॉटिश तरुणाने शोधले होते. त्याचे नाव रॉबर्ट विल्यम थॉमसन.

थॉमसन यांचा जन्म २९ जून १८२२ रोजी स्कॉटलंडमधील स्टोनहेवन या किनारी गावात झाला. वडिलांची लोकरीची गिरणी होती. मुलाने धर्मोपदेशक व्हावे, अशी घरच्यांची इच्छा. पण लॅटिनशी त्याचे जमले नाही. चौदाव्या वर्षी त्याला अमेरिकेत चार्ल्सटन येथे काकांकडे धाडण्यात आले. दोन वर्षांनी तो परतला आणि गावातील गणित जाणणाऱ्या एका विणकराच्या मदतीने रसायन, वीज व खगोल या विषयांचा अभ्यास त्याने स्वतःच केला. पुढे अबर्डीन व डंडी येथे उमेदवारी करून तो रेल्वेच्या कामात स्थापत्य अभियंता म्हणून स्थिरावला.

१० डिसेंबर १८४५ या तारखेचे त्यांचे पेटंट हवा भरलेल्या चाकाचे होते. त्या वेळी त्यांचे वय अवघे २३ वर्षांचे होते. घोडागाडीला कमानी पाटे असत आणि त्यामुळे आत बसलेल्याचे धक्के कमी होत. परंतु आस आणि चाक हे पाट्यांच्या खालीच राहतात. वाटेत दगड आला की त्यांना उचलले जावेच लागते आणि त्यात ओढणाऱ्या घोड्याचे बळ वाया जाते. रबर लावलेल्या कापडाची हवाबंद नळी आणि तिच्यावर जाड चामड्याचे आवरण अशी थॉमसन यांची रचना होती. दगडावरून जाताना चाक उचलले जाण्याऐवजी नळीच तेवढ्यापुरती दबत असे. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये या चाकांच्या चाचण्या झाल्या. गाडी ओढण्यास बळ कमी लागलेच, शिवाय रस्ता जितका खराब तितकी बचत अधिक झाली. एका संचाने तर सुमारे १२०० मैलांचा प्रवास केला.

तरीही हे चाक बाजारात टिकले नाही. त्या काळी मोटार नव्हती, सायकलचाही प्रसार झाला नव्हता आणि पातळ, टिकाऊ रबर मिळणे दुरापास्त होते. थॉमसन यांनी हा विषय बाजूला ठेवला. १८५२ मध्ये ते साखर कारखान्यांच्या यंत्रकामासाठी जावा बेटावर गेले. तेथे त्यांनी हलवता येणारी वाफेची यारी तयार केली. तिचे पेटंट मात्र घेतले नाही.

प्रकृती ढासळल्याने १८६२ मध्ये ते एडिंबरो येथे परतले आणि मागे गाडे जोडून माल ओढणाऱ्या वाफेच्या इंजिनाकडे वळले. लोखंडी चाकांची जड इंजिने मऊ जमिनीत रुतत आणि रस्ता उखडत. १८६७ मध्ये थॉमसन यांनी चाकांवर जाड भरीव रबराचे वेढे बसवले. भाराखाली रबर पसरे, जमिनीवरील दाब कमी होई आणि पकड वाढे. या वेळी त्यांनी हवेचा आग्रह धरला नाही. काही टन वजनाच्या इंजिनाला पेलेल असेच साधन त्यांनी निवडले.

या इंजिनांचा भारताशीही संबंध आला. लष्करी अधिकारी आर. ई. बी. क्रॉम्प्टन यांनी पंजाबात ग्रँड ट्रंक रोडवर सरकारी वाहतुकीसाठी ती आणवली. त्यांपैकी ‘चिनाब’ हे इंजिन १८७१ मध्ये इप्सविचहून एडिंबरोपर्यंत आणि परत चालवून पारखले गेले. आपल्याकडे घरोघरी पंख्यांवर दिसणारे क्रॉम्प्टन हे नाव याच अधिकाऱ्याचे.

अखेरची वर्षे थॉमसन यांनी आजारपणात काढली. ८ मार्च १८७३ रोजी एडिंबरो येथे, वयाच्या पन्नाशीत त्यांचे निधन झाले. १८८८ मध्ये बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी सायकलसाठी हवेच्या टायरचे पेटंट मिळवले. त्यांना थॉमसन यांच्या कामाची माहिती नव्हती. दोनच वर्षांनी, जुन्या पेटंटमुळे ते अवैध ठरले. तोवर सायकलींचे युग आले होते. बाजारपेठ आणि कीर्ती डनलॉप यांच्याकडेच राहिली.

आज वाळूत उतरण्यापूर्वी वाहनचालक टायरमधील थोडी हवा काढतो. टायर पसरतो, दाब विभागला जातो आणि ट्रेलर रुतत नाही. पाट्यांपर्यंत पोहोचण्याआधीच धक्का चाकात जिरवावा, हा थॉमसन यांचा विचार रोजच्या व्यवहारात कायम आहे. त्यांचे नाव मात्र कोणत्याही टायरवर नाही.