मैहरचे बाबा

1918 च्या सुमारास साथीच्या रोगाने देशभर थैमान घातले. विंध्य प्रदेशातील मैहर या चिमुकल्या संस्थानात कित्येक मुले पोरकी झाली. राजे ब्रिजनाथसिंह यांच्या पदरी त्या वेळी उस्ताद अल्लाउद्दीन खाँ हे गवई-वादक होते. अन्नवस्त्र कोणीही दयावंत देता. खाँसाहेबांनी या मुलांच्या हाती वाद्ये दिली. तोच पुढे नावाजलेला मैहर बँड होय.

खाँसाहेब मूळचे आजच्या बांगलादेशातील शिबपूर गावचे. गाण्याच्या वेडापायी लहानपणीच घर सोडून ते कलकत्त्यास गेले. तेथे लोबो नावाच्या गोमंतकीय बँडमास्तरांपाशी ते व्हायोलिन शिकले, तर पुढे रामपूरला बीनकार वझीर खाँ यांचे शिष्य झाले. बँडची शिस्त आणि रागाची खोली अशा दोन्ही विद्या त्यांच्या ठायी अशा एकत्र आल्या.

परंतु अडचण मोठी होती. आपले संगीत गुरूसमोर एकट्याने बसून शिकावयाचे. येथे तर मुलांचा घोळका! प्रत्येकाला रागविस्ताराची मुभा दिली असती तर नुसता गलबला माजता. म्हणून बाबांनी निरनिराळ्या रागांत व तालांत बांधीव रचना केल्या. कोणता स्वर ठसवावयाचा, कोणता वर्ज्य करावयाचा, समेवर कसे यावयाचे, हे सारे रचनेतच गोवलेले. मुले ती कानांनी ऐकून पाठ करीत. तालीम होता होता रागाची ओळख आपोआप पटे. बंदुकांच्या नळ्या कापून त्यांनी नलतरंग नावाचे वाद्यही घडविले. नळी लांब असेल तर स्वर खाली, आखूड असेल तर वर. स्वरांचा चढउतार येथे डोळ्यांनाही दिसे!

बाबा कमालीचे कोपिष्ट होते व शिष्यांवर हातही टाकीत. ते समर्थनीय खचित नाही. पण मुलांना येत नाही म्हणून सोपे, हलके संगीत त्यांनी कधी पत्करले नाही. रविशंकर, अली अकबर यांच्यामुळे त्यांची कीर्ती जगभर गेली. आमच्या मते त्या निराधार मुलांना घडविणे अधिक कठीण होते. गुणी शिष्य स्वतःहून गुरूच्या शोधात येतो. ही मुले तर साथीने दाराशी आणून सोडलेली.

1958 साली त्यांना पद्मभूषण व 1971 साली पद्मविभूषण मिळाले. 6 सप्टेंबर 1972 रोजी मैहर येथेच ते पैगंबरवासी झाले. बँड मात्र त्यांच्या पश्चातही वाजत राहिला.